तुकडा नव्हे, ताट!

ज्याच्या पायांत चालण्याचे बळ नाही, ज्याच्या हातून आता चूल पेटत नाही आणि ज्याच्या घरात दुसरे माणूस उरलेले नाही, त्याने दुपारी काय खावे? प्रश्न साधा आहे. परंतु समाजाची खरी परीक्षा अशा साध्या प्रश्नांनीच होत असते. सभा, मोर्चे, ठराव आणि निवेदने यांत हा माणूस कोठेच दिसत नाही, कारण तो तेथवर येऊच शकत नाही. तो खाटेवर पडून असतो आणि दाराशी कोणाची पावले वाजतात काय, इकडे त्याचे कान लागलेले असतात.

अशा माणसाच्या घरी शिजविलेले अन्न नेऊन देण्याचे काम आपल्यापैकी काही तरुणांनी अंगावर घेतले आहे. काहींनी ते घ्यावयाचे योजिले आहे. मुंबईच्या माणसाला डबा ही वस्तू नवी नाही. १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था घरचा डबा कचेरीत पोचविते. आपण ज्या डब्याविषयी बोलत आहोत तो उलट दिशेने जातो. तो सामायिक स्वयंपाकघरातून निघतो आणि जो घराबाहेर पडू शकत नाही त्याच्या घरी येतो. नेणाऱ्याला त्याची मजुरी मिळत नाही. तो स्वयंसेवक असतो.

या कामाविषयी आपल्याच घरांतून दोन आक्षेप ऐकू येतात. वडीलधारी माणसे विचारतात, “भाकरीचे तुकडे मागणे आपण सोडले, ते पुन्हा फुकटचे ताट दारात येऊ देण्यासाठी काय?” शिकलेली मुले विचारतात, “हे तर सरकारचे कर्तव्य. ते आम्ही फुकट का करावे? उद्या सरकार म्हणेल, लोक करीतच आहेत, मग आमची गरज काय?” दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी स्वाभिमान आहे. म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाहीत. आम्ही त्यांचा क्रमाने विचार करणार आहोत.

पहिला आक्षेप समजून घ्यावयाचा तर वतनाची आठवण ठेविली पाहिजे. गावाची सर्व कामे करावयाची, सरकारी कामगाराचा घोडा धरावयाचा, मेलेले ढोर ओढावयाचे, आणि त्याचा मोबदला काय, तर पाळीच्या दिवशी दारोदार फिरून गोळा केलेले भाकरीचे शिळे तुकडे. ते तुकडे वस्तुतः श्रमाचा मोबदला होते. परंतु ते देणाऱ्याच्या मर्जीवर असल्यामुळे त्यांना भिकेचे रूप आले. मोबदला ठरलेला नाही, तो मागण्याचा हक्क नाही, आणि दिला नाही तर दाद मागण्याची सोय नाही. ज्या अन्नामागे हक्क नसतो ते अन्न खाणाऱ्याला लाचार करते, ही गोष्ट बाबासाहेबांनी फार लवकर ओळखली होती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांचा त्याग करण्यास सांगितले आणि पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. एकाच प्रश्नाची ही दोन अंगे होती. लाचारी सोडा, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. आणि मोबदला ठरवून द्या, असे कायद्याला सांगितले. वतनाचे ते जोखड मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने अखेर कायदेशीररीत्या संपले.

तेव्हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न योग्य आहे. परंतु त्यांचा रोष अन्नावर असू नये, अन्न देण्याच्या रीतीवर असावा. तेच वरण, तोच भात आणि तीच भाजी. एका रीतीने दिली तर तुकडा होते, दुसऱ्या रीतीने दिली तर ताट होते. ही दुसरी रीत कोणती, हे ज्या देशांनी हे काम सत्तर-ऐंशी वर्षे केले आहे त्यांच्या अनुभवावरून पाहू.

इंग्लंडात १९३८ साली स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना स्थापन झाली. हवाई हल्ल्यांच्या काळात नागरिकांना मदत करणे हा तिचा हेतू होता. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, या संघटनेच्या स्त्रियांनी हर्टफर्डशायर परगण्यात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना गरम जेवण पोचविण्यास प्रारंभ केला. मोटारी नव्हत्या, पेट्रोल मोजून मिळत होते. त्यांनी जुन्या बाबागाड्या घेतल्या, त्यांत पेंढा भरला आणि अन्न गरम ठेवून ते घरोघर नेले. ‘चाकांवरचे जेवण’ हे नाव पुढे जगभर रूढ झाले.

त्या देशातील गरिबांनाही दानाची भीती होती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. तेथे शतकानुशतके ‘गरिबांचा कायदा’ चालत असे. मदत हवी तर श्रमगृहात जा, नवरा-बायको वेगळे राहा, गणवेश घाला आणि मान खाली घालून जेवा, अशी ती मदत होती. अनेक वृद्ध उपाशी राहत. पण तेथे जात नसत. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला. त्याच कायद्याने स्थानिक मंडळांना वृद्धांसाठी जेवण पुरविणाऱ्या संस्थांस आर्थिक साहाय्य देण्याची मुभा दिली, आणि १९६२ च्या दुरुस्तीने मंडळांना स्वतःही जेवण पुरविण्याचा अधिकार मिळाला. बाबागाडी ढकलणाऱ्या स्त्रियांनी जे आरंभिले ते एकोणीस वर्षांत कायद्याच्या पुस्तकात आले.

ऑस्ट्रेलियातील उदाहरण याहून बोलके आहे. डोरिस टेलर ही स्त्री लहानपणीच्या अपघातामुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेली होती. तिने १९५३ साली ॲडलेड शहरात अशीच संस्था काढली आणि १९५४ साली पोर्ट ॲडलेड येथे तिचे पहिले स्वयंपाकघर सुरू झाले. केवळ स्वयंपाक होत नाही एवढ्याच कारणाने म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे घर सोडून संस्थेत जावे लागू नये, हा तिचा आग्रह होता. ज्या स्त्रीला स्वतःलाच दुसऱ्याच्या साहाय्यावाचून दिवस काढता येत नव्हता, तिने हजारो घरांत जेवण पोचेल अशी व्यवस्था उभी केली. साहाय्य घेणारा आणि देणारा या दोन जाती नाहीत, हे सांगण्यासाठी यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

अमेरिकेत हे काम जानेवारी १९५४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात सुरू झाले. तेथे डबे पोचविणारे बहुतेक स्वयंसेवक माध्यमिक शाळेतील विद्यार्थी होते. १९७२ साली तेथील संसदेने साठ वर्षांवरील नागरिकांच्या पोषणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम कायद्यात घातला आणि १९७८ साली घरपोच जेवणासाठी स्वतंत्र तरतूद केली. त्या कायद्यातील दोन गोष्टी आपण मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. प्रत्येक जेवणातून दिवसाच्या आवश्यक पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळाला पाहिजे, ही पहिली. दुसरी अशी की, जेवणाऱ्याला आपल्या इच्छेप्रमाणे वर्गणी देण्याची संधी दिली पाहिजे. परंतु ती दिली नाही म्हणून कोणालाही जेवण नाकारता येत नाही, आणि जेवण देण्यापूर्वी त्याच्या मिळकतीची झडती घेता येत नाही.

या दुसऱ्या नियमात मोठे शहाणपण आहे. ज्याला दोन रुपये टाकता येतात त्याने ते टाकले की तो याचक राहत नाही. तो त्या स्वयंपाकघराचा भागीदार होतो. ज्याला टाकता येत नाहीत त्याचे ताट तेवढेच भरलेले असते आणि कोणी टाकले, कोणी टाकले नाहीत, हे शेजाऱ्याला कळत नाही. आपल्या वस्तीतील स्वयंपाकघरानेही दाराशी पैसे मागू नयेत. बंद पेटी ठेवावी किंवा पाकीट द्यावे. ज्या आजीजवळ पैसा नाही परंतु हातात बळ आहे, तिने लसूण सोलून द्यावा, तांदूळ निवडून द्यावेत. घेणाऱ्याला काही देता येईल अशी सोय ज्या व्यवस्थेत असते, ती व्यवस्था भिकेची नसते.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत २०१५ साली एका विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वृद्धांचे तीन गट पाडले. एका गटाला स्वयंसेवक रोज येऊन जेवण देई. दुसऱ्याला आठवड्याचे गोठविलेले जेवण एकदम मिळे. तिसरा गट प्रतीक्षायादीवर होता. ज्यांच्या दारी रोज माणूस येत होता त्यांची चिंता आणि एकटेपणाची भावना इतरांपेक्षा अधिक कमी झाली. अन्न दोन्ही गटांना मिळत होते. रोज येणारे माणूस एकालाच मिळत होते. म्हणून डबा उंबऱ्यावर ठेवून पळणारा स्वयंसेवक अर्धेच काम करतो. पाच मिनिटे थांबा. “आजी, कालची औषधे घेतलीत का?” एवढे विचारा. कालचा डबा तसाच भरलेला असेल तर का, ते पाहा. दार उघडले जात नसेल तर शेजारी विचारा, नातेवाइकांना कळवा. कित्येक एकाकी माणसांच्या आयुष्यात आजारपण ओळखणारा पहिला माणूस तुम्हीच असाल.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. हे सरकारचे काम नव्हे काय? होय, आहे, आणि म्हणूनच इंग्लंडच्या इतिहासाचे पुढचे पान वाचले पाहिजे. १९६२ च्या दुरुस्तीने मंडळांना जेवण देण्याचा अधिकार दिला. परंतु अशी सेवा चालविलीच पाहिजे असे बंधन घातले नाही. परिणाम काय झाला? २०१० नंतरच्या काटकसरीच्या वर्षांत तेथील अनेक मंडळांनी ही सेवा बंद केली. कायद्याच्या व्यवसायात आयुष्याची काही वर्षे घालविलेल्या माणसाला ‘देऊ शकेल’ आणि ‘देईल’ या दोन क्रियापदांतील अंतर कळते. पहिल्यात देणाऱ्याची सोय आहे, दुसऱ्यात घेणाऱ्याचा हक्क आहे. वतनाच्या तुकड्यातही ‘देऊ शकेल’ हेच होते.

आपल्या देशात काय स्थिती आहे? २००१ साली अन्नाच्या हक्काविषयीची एक याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळेतील मुलांना शिजविलेले जेवण देण्याचे बंधन राज्यांवर आले. पुढे २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याने पात्र कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि चौदा वर्षांपर्यंतची मुले यांच्या जेवणाची तरतूद केली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु घरात पस्तीस किलो धान्य असूनही ज्याच्या हातून चूल पेटत नाही त्याचे पोट त्या धान्याने भरत नाही. २०११ साली संसदेत मांडलेल्या मूळ विधेयकात निराधारांना दिवसातून निदान एक जेवण विनामूल्य देण्याचे कलम होते. २०१३ साली संमत झालेल्या कायद्यात ते राहिले नाही. सामुदायिक स्वयंपाकघरे उघडण्याचा आदेश राज्यांना द्यावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने असा आदेश देण्याचे नाकारले आणि कोणत्या योजना करावयाच्या हे शासनांवर सोपविले. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली आणि त्याच वर्षी टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली. तिने पुष्कळांची भूक भागविली. परंतु ती थाळी घेण्यासाठी केंद्रावर चालत जावे लागे. ज्याला चालता येत नाही तो तिच्यापासून दूरच राहिला.

म्हणजे कायद्याच्या कापडाला एक भोक आहे, आणि त्या भोकातून नेमका तोच माणूस खाली पडतो, जो सर्वांत दुर्बळ आहे. स्वयंसेवकाने डबा न्यावयाचा तो हे भोक झाकण्यासाठी नव्हे. ते सर्वांना दिसावे म्हणून. यासाठी प्रत्येक स्वयंपाकघरात एक नोंदवही असावी. किती माणसे, वय काय, शिधापत्रिका आहे की नाही, श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात की थांबले आहेत, मुले सांभाळतात की नाही, ही सर्व माहिती घेणाऱ्याच्या संमतीने लिहावी आणि ती गुप्त ठेवावी. सहा महिन्यांनी त्या वहीतील आकडे, नावे वगळून, नगरपालिकेपुढे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि आमदारांपुढे ठेवावेत. “वृद्ध उपाशी आहेत” असे ओरडून सांगितल्याने कचेरी हालत नाही. “आमच्या प्रभागात अंथरुणाला खिळलेली एवढी माणसे आहेत, त्यांपैकी एवढ्यांची पेन्शन एवढे महिने थांबली आहे” असे लेखी सांगितले म्हणजे उत्तर द्यावे लागते. बाबागाडी ढकलणाऱ्या स्त्रियांच्या कामाला कायद्यात जागा मिळाली. आपल्या कामाला त्यापुढे जावयाचे आहे, ‘देऊ शकेल’पाशी न थांबता ‘देईल’पर्यंत पोचावयाचे आहे.

त्याच वहीचा दुसरा उपयोग असा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला आहे. ज्यांची मुले कमावती असून सांभाळत नाहीत, अशा आईबापांना त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी त्याचा प्रमुख असतो, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. वृद्ध स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. डबा नेणारा मुलगा तो कागद भरून देऊ शकतो. मात्र आईबापांच्या इच्छेविरुद्ध असा अर्ज कधीही करू नये. मुलाविरुद्ध दाद मागावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

याहून कठीण प्रश्न अजून राहिला आहे. अन्न आणि जात यांचा संबंध या देशात नुसता ताटाचा नाही, ताट धरणाऱ्या हाताचा आहे. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदविली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच माणसांना तुपाचे जेवण घातले, एवढ्यासाठी लाठ्या घेतलेला जमाव चालून आला आणि जेवणाऱ्यांना मारहाण झाली. अस्पृश्याने तुकडा खाल्ला तर चालत होते. त्याने ताट मांडलेले चालत नव्हते. तो काळ गेला, असे कोणी म्हणेल. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दलित स्त्रीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून काढण्यात आले. गवगवा झाल्यानंतर तिला परत घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २० एप्रिल २००४ रोजीच सांगून ठेविले होते की, शाळेतील स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे. न्यायालयाला हे उमगले होते की, मुले एका हातचे अन्न लहानपणापासून एकत्र खातील तर त्यांच्या मनातील विटाळ कमी होईल.

तुम्ही डबा घेऊन वस्तीबाहेरच्या एखाद्या दारी जाल, तेव्हा आतून प्रश्न येण्याचा संभव आहे: “तू कोणाचा रे?” अशा वेळी काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. आपले नाव सांगावे, स्वयंपाकघराचे नाव सांगावे. जात सांगू नये आणि लपवूही नये. तो प्रश्न या कामात गैरलागू आहे, एवढे शांतपणे म्हणावे. त्या वृद्धाने डबा नाकारला तर वाद घालू नये. उद्या पुन्हा जावे, त्याच मुलाने जावे. स्वतःच्या घरात काय खावे हे ठरविण्यास तो मोकळा आहे. परंतु त्याच्या आग्रहासाठी स्वयंपाकघराने डबा नेणारा बदलला, किंवा अमुक जातीची स्वयंपाकीण नको म्हणून तिला काढले, तर तो व्यक्तीच्या आवडीचा प्रश्न राहत नाही. ती अस्पृश्यता होते. घटनेच्या सतराव्या कलमाने ती नष्ट केली आहे आणि १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, ती शिक्षेस पात्र ठरविली आहे. धर्मांतर केले म्हणून आपण कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेलो, अशी समजूत काही कुटुंबांत आहे. ती चुकीची आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही अनुसूचित जातींत गणले जाते आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनाही लागू आहे.

हा नियम आपल्यालाही तितकाच बांधतो. आपल्या स्वयंपाकघरातून निघालेला डबा आपल्याच माणसांच्या दारी थांबता कामा नये. मातंग, चर्मकार, मुसलमान, मराठा, भटके, कोणीही असो. जो अंथरुणावर आहे आणि ज्याला कोणी नाही, तो आपला. पोटजातींची यादी घेऊन डबे वाटावयाचे असतील तर दीक्षा घेतली कशासाठी? विनयपिटकात आजारी भिक्षूची कथा आहे. तो अतिसाराने आपल्याच मळात पडला होता आणि दुसरे भिक्षू त्याची शुश्रूषा करीत नव्हते. कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, आणि ज्याला आपली सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे संघाला सांगितले. उपयोगी पडतो म्हणून सेवा करणे हा व्यवहार झाला. दुःखी आहे म्हणून सेवा करणे हा धम्म आहे.

कामाचे काही बारीक नियमही सांगितले पाहिजेत, कारण सद्भावनेने शिजविलेले अन्नही विष होऊ शकते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा नफ्यासाठी चालणाऱ्या आणि नफ्याविना चालणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या अन्नव्यवहारांना लागू आहे. तेव्हा स्वयंपाकघराची रीतसर नोंदणी करून घ्यावी. गरम अन्न साठ अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्यापूर्वी पोचेल असे मार्ग आखावेत. एका स्वयंसेवकाकडे घरे थोडी द्यावीत. मधुमेह असलेल्याचा, दात नसलेल्याचा, मीठ वर्ज्य असलेल्याचा डबा वेगळ्या खुणेचा असावा. झेपत नसेल तर आठवड्यातून एकच वार घ्यावा. परंतु घेतलेला वार चुकवू नये. तुमचा एक चुकलेला वार म्हणजे दुसऱ्याचा एक उपवास होय.

आणि छायाचित्रे काढू नयेत. २०२० च्या टाळेबंदीत अन्नाचे पाकीट हाती देताना घेणाऱ्याचे तोंड टिपण्याची जी रीत पडली, ती वतनाच्या तुकड्याचीच नवी आवृत्ती होती. देणारे पाच जण हसत उभे, आणि घेणारा मान खाली घालून मध्ये. ज्याला आपल्या कामाचा पुरावा हवा असेल त्याने नोंदवही दाखवावी. देणगी देणाऱ्याने फोटोचा आग्रह धरला तर त्याची देणगी नम्रपणे परत करावी, दुसरा मिळेल.

वाचकहो, १९५६ च्या १४ ऑक्टोबरला जी मुले आईच्या कडेवर बसून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेली, ती आज सत्तरीला आली आहेत. त्यांच्यापैकी किती जण आपल्या गल्लीत एकटे राहतात, हे आपल्याला माहीत आहे काय? त्यांच्या आईबापांनी तुकडा नाकारला, म्हणून आपण मान वर करून चालतो. त्यांच्या वाट्याला म्हातारपणी पुन्हा तुकडाच यावा, की ताट यावे, हे ठरविणे आता आपल्या हाती आहे.

या पंधरवड्यात एवढे करा. आपल्या इमारतीत, चाळीत किंवा वाडीत जे एकटे वृद्ध व अपंग आहेत त्यांची, त्यांना विचारून, यादी करा. विहारात बसून चार घरांची चूल आणि आठ तरुणांचे वार ठरवा. पहिल्या दिवशी पाचच डबे निघाले तरी चालेल. ॲडलेडमध्येही आरंभ असाच लहान होता. त्याच दिवशी नोंदवही उघडा आणि तिच्या पहिल्या पानावर नगरपालिकेला पाठवावयाच्या निवेदनाची तारीख लिहून ठेवा.